जॉब कोच सेवा: घ्यावी का, आणि घेताना काय तपासावं

अठरावं वर्ष सरलं की विशेष शाळा संपते आणि घरात एकच विषय सुरू होतो: आता दिवसभर काय? याच सुमाराला 'प्लेसमेंट', 'जॉब कोच' (नोकरीच्या जागी शेजारी उभं राहून काम शिकवणारा), 'सपोर्टेड एम्प्लॉयमेंट' हे शब्द पालकांच्या कानावर यायला लागतात. ही सेवा बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र शुल्कात मिळते, त्यामुळे तिचं परीक्षण कोणी करत नाही. संस्थेनं आपल्या मुलाला घेतलं हेच खूप, वर तिला नावं कशी ठेवायची, असा संकोच असतो. पण चुकीच्या सेवेत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात आणि विशी-बाविशीत ती परवडत नाहीत.

हे परीक्षण एखाद्या संस्थेचं नसून सेवेचं आहे. आणि ते मुख्यतः ज्यांचं अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, म्हणजे ज्यांच्याकडे निळं यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) आहे, त्यांच्यासाठी: तीव्र बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता. कर्णबधिर किंवा पायानं अधू असलेल्या पदवीधराला नोकरी लावून देणं हे वेगळं काम आहे, अवघड असलं तरी वेगळं. संस्थांच्या माहितीपत्रकांतल्या यशोगाथा बहुधा त्यांच्याच असतात. मुंबईत २००९ साली सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सनं कर्णबधिर तरुणांवर अख्खी कुरिअर सेवा उभी केली, कौतुकाचीच गोष्ट. पण पत्ता वाचून पाकीट पोचवू शकणाऱ्या माणसाला लागते ती मदत आणि 'दहा' म्हणजे किती हे न उमगणाऱ्या माणसाला लागते ती मदत यांत काहीच सारखं नाही. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच: तुमच्या गेल्या वर्षीच्या प्लेसमेंटमध्ये बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझमवाले किती? उत्तर आकड्यात आलं तर पुढे बोला.

एका पाटीखाली तीन दुकानं

पहिलं दुकान म्हणजे कार्यशाळा. पणत्या, आकाशकंदील, राख्या, कागदी पिशव्या, फाइली. राखी ते दिवाळी हात रिकामा नसतो, डिसेंबरनंतर सुतळीच्या गाठी सोडवणं चालतं. मिळतो तो पगार नव्हे, मानधन. तरीही कार्यशाळेला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. रोज दहा वाजता घराबाहेर पडायची सवय, डबा, सोबती, ओळखीच्या ताई हे सगळं तिथे मिळतं, आणि काहींना आयुष्यभर एवढंच हवं असतं. फक्त तिला 'रोजगार' म्हणू नये.

याचीच पुढची पायरी म्हणजे कॅफे. २०१७ साली हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सुरू झालेलं मिट्टी कॅफे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पोचलं. जुहूत यश चॅरिटेबल ट्रस्टचं कॅफे अर्पण आहे. काम खरं, गिऱ्हाईक खरं. पण बरोबर काम करणारे बहुतेक दिव्यांगच, आणि जागा मोजक्या. या लेखाचा विषय असलेली सेवा ही नव्हे.

दुसरं दुकान सगळ्यात जास्त चालतं: आधी प्रशिक्षण, मग नोकरी. तीन महिन्यांचा हाउसकीपिंग किंवा पॅकिंगचा कोर्स, प्रमाणपत्र, मग कंपनीच्या एचआरसमोर मुलाखत. सौम्य अपंगत्वाला हे चालून जातं. तीव्र बौद्धिक अक्षमतेत ते का कोसळतं, याचं कारण साधं आहे. एका जागी शिकलेलं कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. केंद्रातल्या शांत खोलीत, ओळखीच्या टेबलावर, १२ इंची पांढऱ्या नॅपकिनची घडी बिनचूक घालणारा मुलगा हॉटेलच्या लाँड्रीत जातो तेव्हा नॅपकिन १८ इंची आणि मरून असतो, कोपऱ्यात ड्रायर घरघरत असतो, आणि घडी घातलेली वस्तू ठेवायची जागा डावीकडे नसून पाठीमागे असते. त्याच्या दृष्टीनं हे वेगळंच काम आहे. दोन दिवसांत सुपरवायझर म्हणतो, 'याला काही येत नाही.' संस्था म्हणते, 'आमच्याकडे तर छान करायचा.' दोघंही खरंच बोलत असतात.

तिसरं दुकान उलट्या क्रमानं चालतं: आधी नोकरी, मग त्या नोकरीच्या जागीच प्रशिक्षण, कोचनं शेजारी उभं राहून दिलेलं. सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणतात ते हे. अमेरिकेत १९८६ साली पुनर्वसन कायद्यातल्या दुरुस्तीनं त्याला कायद्याची व्याख्या मिळाली. आपल्याकडे नाव सगळ्यांनी घेतलं, क्रम थोड्यांनीच. आमची शिफारस याच प्रकाराला, पण पुढच्या अटी पाळल्या जात असतील तरच.

कोच नक्की काय करतो

चांगला कोच माणूस कामावर यायच्या आधी स्वतः ते काम करतो. पूर्ण शिफ्ट, किमान दोन दिवस. जो कोच एचआरच्या केबिनमध्ये चहा पिऊन 'काम सोपं आहे' असं पालकांना सांगतो, त्याला तिथेच नमस्कार करावा.

एक उदाहरण जवळून बघू. चाकण-भोसरीकडे ऑटो कंपन्यांना फास्टनर (नट-बोल्ट वगैरे) पुरवणारी छोटी युनिट्स आहेत. तिथलं एक काम म्हणजे किट भरणं. समजा एका पाउचमध्ये एम-८ चे (८ मिमी व्यासाचे) २५ मिमी लांब चार बोल्ट, चार नट आणि आठ वॉशर जायचे आहेत. सुपरवायझरच्या लेखी ही एकच पायरी: 'मोजून भर.' ज्याला मोजता येत नाही त्याच्यासाठी हे वाक्यच बिनकामाचं आहे. इथे चुकीची संस्था सहा महिने त्याला आठपर्यंत आकडे शिकवत बसते. बरोबर संस्था मोजणंच काढून टाकते.

त्यासाठी लाकडाचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा ट्रे लागतो. डावीकडून उजवीकडे चार लांबट खाचा बोल्टच्या, मग चार षटकोनी खड्डे नटांचे, मग आठ गोल खड्डे वॉशरचे. सगळे खड्डे भरले की मोजणी झाली. ट्रेची एक कड घसरगुंडीसारखी उतरती ठेवायची, तिथून माल पाउचमध्ये ओतायचा. इतपत कोणीही सुचवेल. खरी मेख वॉशरच्या खड्ड्यात आहे. माल तेलकट असतो, दोन वॉशर एकमेकांना चिकटून एकच असल्यासारखे येतात. एम-८ च्या साध्या वॉशरची जाडी १.६ मिमी असते. खड्डा ३ मिमी खोल केला तर दोन वॉशर मुकाट बसतात आणि पाउच चुकतं. खड्डा जाडीइतकाच ठेवला तर दुसरा वॉशर वर उठून राहतो, ट्रेवरून बोट फिरवलं की अडकतो. बोट फिरवणं ही तपासणीची पायरी ज्याला दिसत नाही त्यालाही जमते.

शेवटची तपासणी काट्यावर. असं किट साधारण ९०-१०० ग्रॅमचं होतं आणि एक वॉशर दोन ग्रॅमपेक्षाही हलका असतो, म्हणून काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, आणि वरची-खालची मर्यादा लावून हिरवा-लाल दिवा दाखवणारा असेल तर आकडा वाचायचीही गरज उरत नाही. मोडतं कुठे? नवा लॉट आला, बोल्टचं वजन थोडं बदललं, मर्यादा कोणी पुन्हा लावली नाही, आणि दुपारपासून प्रत्येक बरोबर पाउचला लाल दिवा. ऑटिझम असलेला कामगार अशा वेळी तेच पाउच पुनःपुन्हा उघडून भरत बसतो, चिडतो, कधी स्वतःला मारून घेतो. नोंद होते ती 'वर्तन समस्या' अशी. समस्या काट्यात होती. म्हणून लॉट बदलला की मर्यादा कोण लावणार, त्याचं नाव आणि शिफ्ट कागदावर हवी.

त्यानंतर शिकवणं. कामाच्या १२ ते २० बारीक पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला किती मदत लागली याची रोज नोंद ठेवायची: हात धरून, स्पर्शानं, खुणेनं, सांगून, की आपणहून. मदत देण्याआधी तीन ते पाच सेकंद थांबायचं. कोचला हे थांबणं सगळ्यात जड जातं, कारण सुपरवायझर बघत असतो. तोंडी सूचना सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात चिवट ठरते. 'हं, आता पुढचं' हे शब्द कामाचाच भाग होऊन बसतात, मग ते कोणी म्हणेपर्यंत माणूस हात गुंडाळून उभा. खूण किंवा हलकासा स्पर्श हळूहळू कमी करता येतो, आवाज तसा सुटत नाही. मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सायकलच्या ब्रेकचे १५ भाग जोडायला शिकवलं, तेही कमीत कमी बोलून. पन्नास वर्षं झाली, आपल्याकडे अजून कोच दिवसभर बोलतोच आहे.

नोंदवही मागा. पालक म्हणून तुम्हाला ती बघायचा हक्क आहे. तिच्यात 'प्रगती चांगली', 'मूड ठीक' असं लिहिलं असेल तर ती डायरी झाली. 'पायरी ७: स्पर्श, स्पर्श, खूण, आपणहून' असं असेल तर कोणीतरी खरंच शिकवतंय.

एक लबाडी इथेच सांगून ठेवतो, कारण ती चांगल्या हेतूनं होते. लाइनवरचे इतर जण तासाला ६० किट भरतात, आपला माणूस २०. टार्गेट चुकू नये म्हणून कोच स्वतः उरलेली ४० भरतो. मालक खूश, संस्था खूश, पालक खूश. कोच महिन्यानं दुसऱ्या ठिकाणी जातो आणि उत्पादन एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्यावर येतं. खरा वेग पहिल्या आठवड्यातच मालकासमोर ठेवायचा आणि त्या वेगाला साजेसं काम आखून घ्यायचं, हाच मार्ग. कधी अर्धा दिवस, कधी लाइनच्या बाहेरचं काम, कधी दोघातिघांच्या कामातला एकेक तुकडा काढून बनवलेली नवी जागा. कुशल फिटर दिवसातला तासभर पाउचांना स्टिकर लावण्यात घालवत असेल तर तो तास मालकाला महाग पडतो. ते काम वेगळं काढून दिलं तर मालकाचा हिशेब बसतो, आणि अशी नोकरी टिकते.

कोच गेल्यावर

या सेवेचा दर्जा ठरतो तो इथे. साधारण क्रम असा असावा: पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ सोबत, पुढचे दोन अर्धा वेळ, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस, मग आठवड्याला एक फेरी, मग महिन्याला एक. तारखा घट्ट धरायच्या नाहीत, नोंदवही सांगेल तशा सरकवायच्या. अनुदानित कोर्समध्ये प्लेसमेंटचा हिशेब बहुधा तीन महिन्यांच्या पगारावर बंद होतो, आणि तीव्र अपंगत्वात नेमकी तिथूनच पडझड सुरू होते: सुपरवायझर बदलतो, शिफ्ट बदलते, पाउचचा रंग बदलतो. अमेरिकेच्या कायद्यात या सोबतीची मुदत आधी १८ महिने होती, २०१४ मध्ये ती २४ केली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी तिकडे जी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) पद्धत आहे तिच्यात मुदतच नाही, आणि एका कोचकडे २० पेक्षा जास्त माणसं द्यायची नाहीत असा नियम आहे. आपल्या कोचला विचारा, सध्या किती जण तुमच्याकडे? चाळीस म्हणाला तर तो कोच नाही, फोन करणारा आहे.

कोच बाजूला होतो तो कोणाच्या तरी हाती सोपवून. तो माणूस म्हणजे कामाच्या जागचा सोबती. कंपन्या त्याला 'बडी' म्हणतात, शॉपफ्लोअरवर तो 'दादा' किंवा 'ताई' असतो. त्याची निवड बहुतेक ठिकाणी चुकते, कारण ती एचआर करतं: हसतमुख, चांगलं बोलणारा, दुसऱ्या मजल्यावर बसणारा. सोबती त्याच लाइनवरचा, त्याच शिफ्टचा, नजरेच्या टप्प्यातला हवा. शक्यतो कमी बोलणारा. आणि दोन हवेत, एक नको. आपल्याकडे शॉपफ्लोअरवर निम्मेअधिक कामगार कंत्राटी असू शकतात. सोबत्याचं कंत्राट संपलं की सहा महिन्यांची ओळख एका शनिवारी संपते, आणि सोमवारी आपला माणूस गेटवरूनच परत फिरतो. दोघांपैकी एक तरी कायम कामगार असलाच पाहिजे.

सोबत्याला दोन दिवसांचं सेन्सिटायझेशन वर्कशॉप नको. चहा, बिस्किटं, टाळ्या, डोळ्यांत पाणी, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही. त्याला चार गोष्टी जागेवर दाखवायच्या. एका वेळी एकच गोष्ट सांग. सांगून पाच सेकंद थांब. त्याचं काम तू करू नकोस. अडलं तर या नंबरवर फोन कर. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शिफ्टमधली वीस-तीस मिनिटं त्याच्या टार्गेटमधून वजा करून घ्यायची, तीही लेखी. नाहीतर तो मदत करतो स्वतःचा इन्सेंटिव्ह बुडवून, आणि असा चांगुलपणा पहिल्या कमी पगारापर्यंत टिकतो.

तीस वर्षांच्या माणसाला 'बाळा', 'सोन्या' म्हणायची सवयही पहिल्याच दिवशी मोडावी. त्याला नावानं किंवा इतरांसारखं 'दादा' म्हणावं. संस्थेच्या ताईच 'आमची मुलं' म्हणत असतील तर कारखान्यात वेगळं काय होणार?

नोकरी जिथे खरी तुटते

कामावरून नोकरी क्वचित जाते. ती जाते संडास, प्रवास आणि चहाच्या सुट्टीत.

संडासाचं आधी बघा. व्हीलचेअर आत जाण्यासाठी दार साधारण ९०० मिमी रुंद आणि आत वळायला १५०० मिमी मोकळी जागा लागते. अनेक युनिट्समध्ये कमोडच नसतो. शारीरिक स्वच्छतेला मदत लागत असेल तर ती कोण करणार हे रुजू होण्याआधी ठरवा. हे कोचचं काम नाही आणि सहकाऱ्याचं तर मुळीच नाही. कपड्यातला बदल कधीकधी अर्धा प्रश्न सोडवतो: बटण-चेनऐवजी इलॅस्टिक किंवा वेल्क्रो, युनिफॉर्मच्याच कापडातून शिवून घेतलेलं.

प्रवास शिकवतात तोही टप्प्यांनी: बरोबर बसून, मग चार पावलं मागून, मग वेगळ्या डब्यातून, मग उतरायच्या स्टेशनवर थांबून. मुंबईत लोकलचा दिव्यांग डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो हे पक्कं पाठ होतं, पण गाडी ऐन वेळी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आली की सगळं विस्कटतं. म्हणून 'चुकलं तर काय' हा वेगळा धडा लागतो: जागेवर थांब, कार्ड दाखव, फोन कर. तो मुद्दाम चुकवून शिकवावा लागतो. कंपनीची बस असेल तर निम्मी चिंता मिटते, फक्त ड्रायव्हरलाही सोबती धरा.

चहाच्या सुट्टीचं शिकवणं कोणाच्या यादीत नसतं. काम बांधलेलं असतं, सुट्टी मोकळी. त्या वीस मिनिटांत दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं, तोच प्रश्न तीसदा विचारणं, अंगाला खेटून उभं राहणं, यावरून तक्रारी येतात. कुठे बसायचं, कोणाबरोबर, चहा संपल्यावर काय करायचं, याच्याही पायऱ्या पाडा. बायकांच्या बाबतीत उलटी बाजूही बघा. नको असलेला स्पर्श ओळखणं आणि कोणाला सांगायचं हे चित्रांतून शिकवलं गेलं पाहिजे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यापुढे न बोलणारी व्यक्ती तक्रार कशी मांडेल, हे संस्थेला विचारा. बहुतेकांनी विचार केलेला नसतो.

आता गेटवरची गंमत. बोलता न येणाऱ्याला फोनवरचं चित्रांचं अ‍ॅप हाच आवाज असतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीतही चालतं. पण बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे माणसाची जीभ सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये ठेवून त्याला आत सोडायचं! कॅमेऱ्यावर स्टिकर लावून फोन आत नेण्याची लेखी परवानगी आधीच घ्या, आणि सोबत लॅमिनेट केलेल्या दहा-बारा चित्रांचा जुडगा कमरेला असू द्या, कारण बॅटरी उतरतेच.

फिट येत असतील तर लपवू नका. लपवलेली फिट मशीनजवळ आली तर जिवावर बेतते. मशीनपासून लांबची जागा मागून घ्या, रात्रपाळी टाळा, कारण झोपमोडीनं फिट वाढतात. सोबत्याला सांगा: वेळ बघायची, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. कांदा किंवा चप्पल हुंगवणारे काका प्रत्येक शॉपफ्लोअरवर असतात, त्यांना आधीच गाठून ठेवावं.

पैसे आणि कागद

नोकरी लागली म्हणून घरात आनंद होतो आणि दोन महिन्यांनी तलाठी कार्यालयातून विचारणा येते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. महिन्याला ५,००० चं काम लागलं तरी ती ओलांडली जाते. नोकरी सुटली तर अनुदान पुन्हा सुरू करायला नव्यानं अर्ज, नव्यानं दाखले. म्हणून अर्ध्या दिवसाची, टिकेल की नाही याची खात्री नसलेली नोकरी घेताना हा हिशेब मांडूनच घ्या. चांगली संस्था तो स्वतःहून मांडते.

आई किंवा वडील केंद्र सरकारचे निवृत्त असतील तर दुसरी भीती कुटुंब निवृत्तिवेतनाची. २०२१ मध्ये नियम सैल झाला: दिव्यांग अपत्याचं इतर उत्पन्न हे त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा, कमी असेल तर हक्क जात नाही. पूर्वीची ९,००० रुपयांची मर्यादा डोक्यात धरून अनेक पालक अजूनही मुलाला कामाला पाठवत नाहीत. राज्य सरकारी आणि बँकांच्या पेन्शनचे नियम वेगळे, ते आपापल्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.

ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) पगारमर्यादा इतरांसाठी २१,००० आहे, दिव्यांग कामगारासाठी २५,०००. एचआरला हे माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास या केंद्रीय संस्थेचा निरामय आरोग्य विमा (वर्षाला एक लाखापर्यंत) फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांना. नोकरी लागली म्हणून तो सोडू नका.

पगार त्याच्याच नावाच्या खात्यात हवा. खात्यासाठी बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागू शकते. याच चार प्रकारांत ते राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्हास्तरीय समिती देते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. समितीच्या बैठका कधी होतात त्यावर सगळं अवलंबून, म्हणून अर्ज नोकरी शोधायला लागण्याआधीच टाका. 'यांना किमान वेतन लागत नाही' हे वाक्य कोणी टाकलं तर कागद मागा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ मध्ये दिव्यांग कामगारांना वगळण्याची मुभा सरकारला होती, मालकाला कधीच नव्हती. तास कमी असतील तर पैसे तासांच्या प्रमाणात कमी होतील, दर कमी व्हायचं कारण नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा (लागू एप्रिल २०१७) हातात कितपत येतो? सरकारी जागांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. शैक्षणिक पात्रतेच्या अटीतून तीव्र बौद्धिक अक्षमता असलेला तिथपर्यंत सहसा पोचत नाही. खासगी कंपनीत जास्त कामाचं आहे ते कलम २१: प्रत्येक कंपनीनं समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं, आणि वीस किंवा अधिक माणसं असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, सोयी आणि एक संपर्क अधिकारी. भेटायला जाताना हे धोरण मागून घ्यावं. धोरण असेल तर बोलणं त्याच्या परिच्छेदावर बोट ठेवून होतं. नसेल तर भांडू नका. संस्थेनं मसुदा सोबत न्यावा, एचआरचं काम वाचतं आणि दार उघडतं.

आमचा कौल असा. आधी नोकरी मग प्रशिक्षण, रोजची पायरीवार नोंद, दोन सोबती आणि किमान दोन वर्षांची ये-जा देणारी संस्था मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, प्रवासाला तास जास्त लागला तरी. फक्त प्रमाणपत्र आणि तीन महिने देत असेल तर कार्यशाळा बरी. आणि कार्यशाळा सोडायची असेल तर तिथली जागा सहा महिने राखून ठेवल्याचं पत्र घेऊनच सोडा. नोकरी फसली तर परत जायला जागा लागते, आणि प्रतीक्षा यादीत पुन्हा शेवटून उभं राहण्याची वेळ येऊ नये.